मायना आणि मजकूर

ब्रिटिश अमदानीत मद्रास सरकारच्या राजपत्रात किंवा एखाद्या खात्याच्या वार्षिक अहवालात देशी माणसाचे नाव छापावयाचे झाले, म्हणजे त्या नावाआधी इंग्रजी लिपीतील चार अक्षरे हटकून येत: एम्, आर्, आर्, वाय्. नाव संपले की त्यामागून ‘अवर्गळ’ हे तमिळ आदरार्थी पद येई. ही चार अक्षरे उलगडली तर त्यांतून ‘महाराजराजश्री’ एवढा लांब शब्द बाहेर पडतो. शिलालेख वाचणारा पंडित असो, तालुक्याचा तहसिलदार असो की जिल्हा शाळेचा शिक्षक असो, छापखान्यातील जुळाऱ्याने खिळे जुळविता जुळविता तिघांनाही महाराज केले, राजे केले आणि वर श्रीही बहाल केली. तिघांपैकी कोणाचा पगार त्यामुळे एका रुपयाने वाढला नाही, आणि ती अक्षरे वाचताना कोणाच्या डोळ्यांपुढे सिंहासन उभे राहिले असेल असेही वाटत नाही. डोळा त्यांवरून घसरून नावावर जाई. पण एखाद्या दिवशी ती छापावयाची राहिली असती, तर मात्र नावाच्या धन्याला अपमान खचित वाटला असता.

मराठी माणसाला हे बिरुद परके वाटण्याचे कारण नाही. ‘राजमान्य राजश्री’ हे त्याचे सख्खे भावंड. ‘रा. रा.’ एवढ्या दोन अक्षरांत आखडून ते विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत मराठी वर्तमानपत्रांत, लग्नपत्रिकांत आणि सभांच्या वृत्तान्तांत सुखाने नांदत होते. राजाने मान्य केलेला तो राजमान्य. पण राजे गेले, राज्ये खालसा झाली, आणि ज्याला कोणत्याच राजाने कधी ओळखले नव्हते असा गृहस्थही राजमान्यच राहिला. शब्द उरला आणि त्यातला अर्थ निघून गेला. बोलण्यात आणि लिहिण्यात जे भरताड म्हणून आज टोचते, त्याची कुळकथा बहुधा अशीच असते. ते जन्मतः भरताड नसते. कधी काळी त्याला काही काम होते. काम संपले, आणि ते मात्र जागा अडवून बसले.

पत्राच्या आरंभीच्या या भागाला मराठीत ‘मायना’ म्हणतात, आणि त्यानंतर येणाऱ्या मुख्य भागाला ‘मजकूर’. दोन्ही शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने आले. त्यांतल्या ‘मायना’ या शब्दाची गंमत अशी, की त्याचा मूळ अर्थच मुळी ‘अर्थ’ असा आहे. ज्या भागात अर्थ सर्वांत कमी, त्याला मराठी कारकुनाने अर्थ हे नाव द्यावे, हा योगायोग खरा, पण बोलका आहे.

जुन्या मराठी पत्रव्यवहाराचा हा मायना म्हणजे एक स्वतंत्र शास्त्रच होते. हेमाडपंताच्या नावावर चालत आलेल्या मेस्तकांतून कोणाला कोणता मायना लिहावा याचे नियम सांगितलेले आढळतात. वडिलांना ‘तीर्थरूप’, मुलाला ‘चिरंजीव’, विद्वान ब्राह्मणाला ‘वेदशास्त्रसंपन्न’, सरदाराला ‘अखंडितलक्ष्मीअलंकृत राजमान्य राजश्री’; कोणाला आशीर्वाद, कोणाला नमस्कार, कोणाला दंडवत, कोणाला नुसता रामराम. त्यानंतर ‘येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत जाणे’ असे येई, आणि मग ‘विशेष’ हा शब्द. पत्राच्या अखेरीस ‘बहुत काय लिहिणे’ हे पालुपद. पानभर लिहून झाल्यावर फार काय लिहावे असे विचारण्यात जो विनोद आहे, तो लिहिणाऱ्याच्या ध्यानीही येत नसे.

परंतु हा सगळा संभार निरर्थक होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. मायन्यावरून पत्र लिहिणारा आणि घेणारा यांचे नाते, दर्जा, त्या क्षणीची मर्जी, सारे कळत असे. काल ज्याला ‘गोसावी’ लिहिले त्याला आज साध्या ‘यासी’वर आणले, तर मजकूर वाचण्याआधीच त्याने समजावयाचे ते समजून घ्यावे. ‘विशेष’ हा शब्द तर वाचणाऱ्यावर उपकारच करी. खरे सांगणे येथून सुरू होते, एवढी खूण तो मधोमध रोवून ठेवी. घाईत असलेला मुत्सद्दी नजर थेट त्या शब्दावर टाकून पुढे वाचू शके. शेवटी उमटविल्या जाणाऱ्या मुद्रेचेही तसेच. शिवछत्रपतींच्या पत्रांखालची मर्यादेची मुद्रा किंवा ‘लेखनसीमा’ ही शोभेची वस्तू नव्हती. येथे लेखन संपले, याच्या खाली कोणी चार ओळी घुसडल्या तर त्या खोट्या समजाव्यात, असा त्या मुद्रेचा रोकडा अर्थ होता. सतराव्या शतकातल्या हुकमांत पत्राची नक्कल करून घेऊन अस्सल परत देण्याबद्दलचे वाक्य ठराविक शब्दांत येते. तेही वरकरणी पालुपदच. पण त्याच्या जोरावर गावोगावच्या वतनदारांच्या घरी अस्सल कागद टिकले, आणि पुढे इतिहासकारांच्या हाती लागले.

याहून सूक्ष्म गोष्ट मोडी लिपीची. मोडी लिहिणारा ओळ आधी आखतो आणि अक्षरे त्या ओळीला लोंबकळत सोडतो. शब्दाशब्दांत जागा नाही, वाक्याशेवटी दंड नाही, परिच्छेद तर नाहीच. अशा अखंड वाहत्या लेखनात वाचणाऱ्याने थांबावे कोठे? त्याची सोय ‘ऐसियास’, ‘त्यास’, ‘तरी’, ‘म्हणोन’, ‘सबब’, ‘येणेप्रमाणे’ या शब्दांनी केली होती. ‘त्यास’ आले की नवा मुद्दा सुरू झाला. ‘म्हणोन’ आले की दुसऱ्याचे सांगणे संपले. ‘सबब’ आले की कारण सांगून झाले आणि आता निर्णय येणार. आजच्या वाचकाला हे शब्द पाल्हाळ वाटतात. वास्तविक ती त्या काळाची विरामचिन्हे होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मेजर टॉमस कँडी यांनी इंग्रजीतील विरामचिन्हे मराठी छापील गद्यात रूढ केली. पूर्णविराम, स्वल्पविराम आणि प्रश्नचिन्ह यांनी त्या जुन्या शब्दांचे काम हिरावून घेतले. काम गेले, पण सवय गेली नाही. ‘तर’, ‘असो’, ‘तेव्हा सांगायचे तात्पर्य असे की’ ही सारी त्याच बिनकामाच्या पेन्शनरांची पिलावळ होय.

आता दक्षिणेकडे वळावयाचे. व्यंकोजीराजांनी १६७५ च्या सुमारास तंजावर हस्तगत केले, आणि पुढची पावणेदोनशे वर्षे तमिळ मुलखाच्या ऐन मध्यभागी एक मराठी दरबार चालला. त्या दरबाराची मोडी दप्तरे शेकडो बस्त्यांच्या रूपाने मागे उरली आहेत. पण मराठी भाषा दक्षिणेत पसरली ती केवळ तंजावरच्या गादीमुळे नव्हे. हिशेबाच्या आणि वसुलीच्या कामात तरबेज असलेली देशस्थ कुटुंबे गोवळकोंड्याच्या काळापासून तेलुगू, कन्नड आणि तमिळ प्रांतांत कारकुनी करीत आली होती. राज्ये बदलली तरी हिशेब ठेवणारा बदलत नसे. कुतुबशाही गेली, नबाब आले, नबाब गेले आणि ईस्ट इंडिया कंपनी आली. तिने दप्तर उघडून पाहिले तो आत मराठी. त्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मद्रास इलाख्यातील अनेक जिल्ह्यांच्या हुजूर कचेऱ्यांत, जेथे रयतेपैकी कोणाच्या घरी मराठी बोलत नसत अशा ठिकाणीही, जमाबंदीचे हिशेब मराठीत लिहिले जात. शिरस्तेदार, पेशकार, गुमास्ता, बाकी, दाखला हे शब्द कावेरीपासून कृष्णेपर्यंत सारख्याच सफाईने फिरत होते.

या काळात तंजावरच्या गादीवर एक असा राजा होता, की ज्याने थोडक्यात लिहिण्याचे दोन नमुने घालून दिले. दुसरे सरफोजीराजे तरुणपणी, १७९३ साली, गादीच्या तंट्यापायी मद्रासला येऊन राहिले आणि वेपेरी येथील मिशनरी गेरिके यांच्या देखरेखीखाली शिकले. १७९८ साली राज्य मिळाल्यावर त्यांनी देवनागरी खिळ्यांचा छापखाना घातला, आणि १८०६ च्या सुमारास ‘बालबोधमुक्तावळी’ हे इसापाच्या गोष्टींचे मराठी पुस्तक त्यात छापले. कोल्ह्याला मायना लागत नाही आणि सिंहाला लेखनसीमा लागत नाही; इसापाची गोष्ट पहिल्याच वाक्यात मजकुराला हात घालते. मराठी गद्य छापखान्यात शिरले ते अशा आटोपशीर वाटेने, ही गोष्ट मराठी गद्याच्या इतिहासात पुरेशा आदराने सांगितली जात नाही. दुसरा नमुना राजांच्या रुग्णालयातला. डोळ्यांच्या रोग्यांची जी सचित्र टिपणे तेथे ठेवली गेली, त्यांत रोगी कोण, दोष कोणता, उपाय काय केला आणि गुण आला की नाही, एवढेच आहे. चेन्नईतील नेत्रवैद्यांनी अलीकडच्या काळात या टिपणांचा अभ्यास केला, तेव्हा दोन शतकांनंतरही त्यांतून रोगाचे निदान समजू शकले. याच राजांनी १८०३ साली बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीवर भोसले कुळाचा विस्तृत मराठी इतिहास कोरविला. शिळेवर कीर्ती, आणि रोग्याच्या डोळ्याविषयी नेमके शब्द: ज्या जागी जे शोभावे ते तेथे ठेवण्याचा विवेक त्या दरबारात होता.

कंपनीच्या कचेऱ्यांत मात्र हा विवेक सुटला. तेथे काय घडले हे पाहताना मराठी माणसाने थोडे मन घट्ट करावे. आंध्रातील गुंटूर जिल्ह्याचे उदाहरण घ्यावे. १८३२–३३ च्या भयंकर दुष्काळाने हा जिल्हा उद्ध्वस्त झाला होता. रयत तेलुगू बोलणारी, कलेक्टर इंग्रज, आणि दोघांच्या मध्ये हुजूर कचेरीतला मराठी हिशेब. हिशेब लिहिणारे, तपासणारे आणि वर पाठविणारे पुष्कळदा एकाच गोतावळ्यातले. रयतेला तो हिशेब वाचता येत नव्हता आणि कलेक्टरालाही येत नव्हता. १८४० च्या दशकात वॉल्टर एलियट या अनुभवी अधिकाऱ्याने चौकशी केली, तेव्हा बाक्यांचे खोटे आकडे, अफरातफर आणि वर्षानुवर्षांची लपवालपवी बाहेर आली. भाषेचा असा उपयोग झाला, की जे सर्वांना कळावयाचे ते मूठभरांनाच कळावे. कागद पाहिला तर निर्दोष: मायना शुद्ध, बेरीज शुद्ध, अखेरीचा शेरा रिवाजाप्रमाणे. कारकून गुन्हेगार होते म्हणून भाषा दोषी ठरत नाही, हे खरेच. पण ज्या भाषेत लिहिले ती रयतेला परकी, आणि ज्या थाटात लिहिले तो साहेबाला परका, अशी दुहेरी भिंत असल्यावाचून ते इतकी वर्षे निभावले नसते. इलाख्यातील हिशेबांतून मराठी पुढे हटविली गेली आणि तिच्या जागी त्या त्या जिल्ह्याची भाषा व इंग्रजी आली. दूरच्या मुलखात मायबोलीचा मान कमी झाला म्हणून एखाद्याला हळहळ वाटेल. गुंटूरच्या कुळाला मात्र ती वाटली नसणार.

टॉमस मन्रोने हे दुखणे फार आधी ओळखले होते. बारामहाल आणि पुढे निजामाने कंपनीला तोडून दिलेले जिल्हे यांत त्याने वर्षानुवर्षे तंबूत राहून, गावोगाव हिंडून रयतेशी तोंडातोंडी बोलून जमाबंदी ठरविली. मध्ये कागद जितके कमी तितके सत्य जवळ, असा त्याचा व्यवहार होता. १८२० साली तो मद्रासचा गव्हर्नर झाला आणि १८२७ साली दौऱ्यावर असतानाच पटकीने वारला. चेन्नईत त्याचा जो अश्वारूढ पुतळा आहे, त्यात घोड्यावर खोगीर नाही आणि रिकीबही नाही. शिल्पकार विसरला म्हणून लोक हसतात. पण मन्रोच्या लेखनाची ज्याला ओळख आहे त्याला ते बिनखोगिराचे बसणे त्याच्या शैलीचेच चित्र वाटेल.

मन्रोची रीत मन्रोबरोबर गेली. १८५४ साली ब्रिटिश पार्लमेंटात प्रश्न निघाला, की मद्रास इलाख्यात सरकारचा धारा वसूल करताना रयतेला शारीरिक यातना देतात हे खरे काय? त्यावरून मद्रास सरकारने त्रिसदस्य आयोग नेमला. त्यात मद्रासचे वकील जॉन ब्रूस नॉर्टन हेही होते. आयोगाने लोकांना आपापली तक्रार सांगण्याचे आवाहन केले. दीड हजाराहून अधिक तक्रारी आल्या. शेकडो लोक लांबच्या जिल्ह्यांतून स्वतः मद्रासला आले, बाकीच्यांनी पत्रे पाठविली. १८५५ साली आयोगाचा अहवाल निघाला. त्यात इंग्रज वाक्यांच्या मधोमध दोन तमिळ शब्द काट्यासारखे उभे आहेत: ‘किट्टी’ आणि ‘अनुंडाल’. किट्टी म्हणजे बोटे चिरडावयाचा लाकडी चाप. अनुंडाल म्हणजे माणसाला वाकवून, मान पायांशी बांधून, तसाच उन्हात ठेवणे. हा सर्व प्रकार काही रुपयांच्या बाकीसाठी होत असे.

येथे प्रश्न असा पडतो, की ही गोष्ट जर इतक्या ठिकाणी, इतकी वर्षे चालली होती, तर सरकारी कागदांत ती आधी का दिसली नाही? एक कारण अहवालातूनच उमगते. कुळाने कलेक्टराकडे अर्ज केला, तर तो अर्ज ठरलेला शेरा मारून पुष्कळदा तहसिलदाराकडेच चौकशीसाठी जाई, आणि तक्रार असे ती त्या तहसिलदाराच्याच माणसांविरुद्ध. अर्ज लिहिणाराही बाजारातला अर्जनवीस. तो दर अर्जामागे पैसे घेई आणि त्याबदल्यात साहेबाच्या न्यायबुद्धीची, दयेची आणि कीर्तीची स्तुती भरपूर घाली. त्या स्तुतीच्या ढिगाखाली कुळाची मोडलेली बोटे एका ओळीत पुरली जात. मग शेरा, मग उलट शेरा, मग ‘चौकशीअंती तथ्य आढळले नाही’ असा निर्वाळा. कोणी कोणाला मारले हे शोधू गेले तर त्या कागदात कर्ताच सापडू नये. आयोगासमोर मात्र माणूस उभा राहिला, त्याने आपल्या भाषेत काय झाले ते सांगितले, आणि त्याच्या तोंडचा शब्द तसाच उतरवून घेतला गेला. ‘किट्टी’ या दोन अक्षरांनी जे काम केले, ते वर्षानुवर्षांच्या विनंतिपत्रांनी केले नव्हते. आयोगाने इंग्रज अधिकाऱ्यांना फार सहजी निर्दोष सोडले आणि सारा दोष देशी कामगारांच्या माथी मारला. ही त्याची पक्षपाती बाजू विसरता येत नाही. पण त्यातून पोलीस आणि महसूल यांची फारकत झाली आणि १८५९ चा मद्रास पोलीस कायदा आला, हेही तितकेच खरे.

हुजूर कचेरीतून मराठी मायना गेला म्हणून मायन्याची जातच संपली असे नव्हे. त्याच्या जागी इंग्रजी मायना आला. सरकारी पत्राखाली सही करणारा अधिकारी समोरच्याला कळवी, की महाशय, आपला अत्यंत आज्ञाधारक सेवक असण्याचा मान मजकडे आहे. आणि हे कळविले जाई ते पुष्कळदा त्याच पत्रात त्याची बढती नाकारून. मराठी कारकुनाने ‘कृतानेक साष्टांग नमस्कार’ लिहावा तसाच हा प्रकार, फक्त गणवेश बदललेला. स्वातंत्र्यानंतर हा आज्ञाधारक सेवक हळूहळू दिसेनासा झाला. मात्र ‘मला असे कळविण्याची आज्ञा झाली आहे’ या थाटाचा आरंभ टिकून राहिला, आणि तो टिकला हे एका अर्थी योग्यच आहे. सही करणारा अधिकारी स्वतःचे मत सांगत नसून सरकारचा निर्णय कळवीत आहे, एवढी माहिती त्या शब्दांत असते. ते शब्द काढून टाकले तर जबाबदारी कोणाची हेच बदलून जाईल. तेव्हा ठराविक म्हणून प्रत्येक शब्द फुकट नसतो. तो काढून पाहावा, आणि काही हरवले की नाही हे तपासावे, एवढीच कसोटी.

या कसोटीला उतरणारे लिहिणे ज्याला साधले असा एक मराठी प्रशासक मद्रासनेच घडविला. सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ सालचा, कुंभकोणम येथील तंजावरी मराठी घराण्यातला. मद्रास हायस्कुलात पॉवेलसाहेबांच्या हाताखाली ते गणित शिकले आणि काही काळ मद्रासच्या हिशेब-कचेरीत नोकरीस होते. पुढे त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे अशा तीन संस्थानांची दिवाणगिरी त्यांच्याकडे आली. बडोद्यास १८७५ ते १८८२ या काळात त्यांनी कोवळ्या वयाच्या सयाजीराव महाराजांना राज्यकारभारावर जी व्याख्याने दिली, ती ‘मायनर हिंट्स’ या नावाने छापली गेली. त्यांची इंग्रजी वाक्ये आखूड आहेत. एक तत्त्व सांगावे, त्याचे कारण सांगावे, पुढच्या तत्त्वाकडे जावे. ज्या संस्थानात मायन्याच्या चुकीवरून रुसवेफुगवे होत, तेथल्या भावी राजाला त्यांनी स्तुतीवाचून बोलून दाखविले. १८९१ साली ते मद्रासलाच निवर्तले. हिशेब-कचेरीतली शिस्त आणि गणिताची आवड यांचा त्यांच्या गद्याशी संबंध असावा असे म्हटले तर ते चूक ठरू नये.

साध्या माणसाला थोडक्यात लिहावयास शिकविले ते कोणा पंतोजीने नव्हे, तर तारखात्याने. १८५५ साली तारेचे दळणवळण लोकांसाठी खुले झाले आणि शब्द मोजून पैसे पडू लागले. पानिपतची वार्ता पेशव्यांना सावकारी सांकेतिक भाषेत, गळालेली मोती आणि हरवलेल्या मोहरा यांच्या हिशेबात कळली होती. ती एखाद्या तारेइतकीच आखूड होती, पण तशी पत्रे अपवाद. तारेने प्रत्येकाला सावकार केले. ‘येथील कुशल’ लिहिण्याचे चार आणे पडणार म्हटल्यावर कुशल आपोआप गळाले. पुढे तारखात्याने शुभेच्छांचे ठराविक मजकूर ठरवून त्यांना क्रमांकच दिले: दिवाळीला एक, विवाहाला दुसरा, परीक्षेच्या यशाला आणखी तिसराच. पाठविणारा नुसता आकडा टाकी, आणि पलीकडचा कारकून त्यातून पूर्ण वाक्य फुलवून देई. पालुपदाची खरी किंमत किती, हे याहून चोख कोणी मोजले नसेल. जुलै २०१३ मध्ये ही तार बंद झाली.

बोलण्यातल्या भरतीची गोष्ट याहून नाजूक आहे. ‘म्हणजे’, ‘काय आहे की’, ‘असं बघा’, ‘तर मग’ हे शब्द समोरासमोरच्या बोलण्यात अगदीच वाया जात नाहीत. बोलणाऱ्याला पुढचे वाक्य जुळवावयास क्षण मिळतो, ऐकणाऱ्याला मागचे पचवावयास. मराठी कीर्तन तंजावरला गेले आणि तेथून तमिळ हरिकथेला त्याने वळण लावले. त्या कीर्तनकाराचे पालुपद तर श्वासासाठी आणि साथीदाराच्या सोयीसाठीच असते. त्याला कोणी भरताड म्हणू नये. पण ध्वनिक्षेपकापुढे ही सोय उरत नाही. देशातील अगदी आरंभीच्या ध्वनिक्षेपणांपैकी एक मद्रासनेच पाहिले. १९२४ साली मद्रास प्रेसिडेन्सी रेडिओ क्लबने कार्यक्रम क्षेपित करण्यास सुरुवात केली. पैशाअभावी तो क्लब १९२७ साली बंद पडला. मग १९३० पासून महापालिकेने ते काम चालविले, आणि १९३८ साली ऑल इंडिया रेडिओचे मद्रास केंद्र सुरू झाले. वक्त्याला श्रोता दिसत नाही आणि श्रोत्याला वक्त्याचे हातवारे दिसत नाहीत. भिंतीवरचे घड्याळ मात्र दोघांनाही सारखेच असते. सभेत पंधरा वेळा ‘म्हणजे’ म्हणणाऱ्या वक्त्याला लोक सवयीने क्षमा करतात. आकाशवाणीवर तेच पंधरा ‘म्हणजे’ दाराच्या करकरीसारखे ऐकू येतात. म्हणून भाषण आधी लिहून आणण्याची प्रथा पडली, आणि लिहून आणलेले बोलल्यासारखे वाचण्याची एक नवी कलाही जन्मास आली.

महाराष्ट्र राज्य झाल्यावर कारभाराची मराठी घडविण्याचे काम भाषा संचालनालयाकडे आले. १९६२ साली ‘पदनाम कोश’ निघाला. शब्द घडले, आणि पुष्कळसे चांगले घडले. पण त्यांबरोबर ‘या अनुषंगाने’, ‘सदरहू प्रकरणी’, ‘याद्वारे कळविण्यात येते की’, ‘उचित कार्यवाही करण्यात यावी’ अशी नवी मंडळीही बस्तान बसवून गेली. त्यांतल्या ‘करण्यात यावी’पासून विशेष सावध राहणे बरे. कार्यवाही कोणी करावयाची, कधी करावयाची, न केल्यास कोणाला विचारावयाचे, यांपैकी काहीच ते सांगत नाही. कर्त्याला ते अलगद पडद्याआड नेते. अर्ज घेऊन आलेल्या म्हाताऱ्या माणसाला त्या वाक्याचा अर्थ विचारला, तर तो एवढेच सांगेल, की आपले काम झालेले नाही. त्याचे वाचन बहुधा बरोबर असते.

इकडे मद्रासमध्ये त्या चार अक्षरांचे काय झाले? इंग्रजी राज्याबरोबर ‘महाराजराजश्री’ सरकारी कागदांतून मावळला आणि त्याच्या जागी नुसता ‘श्री’ आला, जसा महाराष्ट्रात ‘रा. रा.’ जाऊन ‘श्री.’ आला. १९६७ साली अण्णादुराई यांचे सरकार अधिकारावर आले. त्याने सरकारी व्यवहारातून ‘श्री’, ‘श्रीमती’ आणि ‘कुमारी’ ही संस्कृत संबोधने काढली आणि त्यांच्या जागी ‘तिरु’, ‘तिरुमती’ आणि ‘सेल्वी’ ही तमिळ संबोधने आणली. दोन वर्षांनी राज्याचे नाव तमिळनाडू झाले. १९९६ साली मद्रासचे चेन्नई झाले. आज तेथील सरकारी पत्रावर कलेक्टराच्या नावाआधी ‘तिरु’ असते आणि अर्जदाराच्या नावाआधीही ‘तिरु’च असते. तमिळ जाणणाऱ्याला त्याचा अर्थ विचारला, तर तो ‘श्री’ असाच सांगतो.